चित्र फुटतं, आवाज बुडतो: गेम रेकॉर्डिंगच्या शंका

या वेळी सदराकडे आलेली बरीचशी पत्रं गेमच्या रेकॉर्डिंगबद्दल आहेत. ती वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. लाइव्ह प्रक्षेपणासाठी कुणीतरी सांगितलेले आकडे लोक जसेच्या तसे रेकॉर्डिंगला लावतात. लाइव्हमध्ये इंटरनेटचा वेग आडवा येतो, म्हणून बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लागणारा डेटा, आवळावा लागतो. रेकॉर्डिंग तुमच्याच डिस्कवर होतं, तिथे ती काटकसर कशासाठी? खालची बहुतेक उत्तरं ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर आणि विंडोज धरून दिली आहेत. मेनूतली नावं पडद्यावर दिसतात तशीच ठेवली आहेत, म्हणजे शोधायला सोपी जातील.

प्रश्न : लॅपटॉपमध्ये आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स १६५० आहे. ओबीएसमध्ये बिटरेट ६००० ठेवलाय, कारण सगळे हाच आकडा सांगतात. मेनू आणि नकाशा स्वच्छ येतो, पण गाडी गवतातून पळवली की चित्राचे चौकोन चौकोन होतात. २०००० केलं तर चित्र सुधारतं आणि गेम अडखळायला लागतो. नक्की काय ठेवू?
– बारावीचा विद्यार्थी, राजेंद्रनगर

उत्तर : ६००० हा लाइव्हचाच आकडा. स्थिर बिटरेट, म्हणजे सीबीआर, प्रत्येक सेकंदाला सारखाच डेटा देतो. मेनू पडद्यावर नुसता उभा असतो तेव्हा तेवढा डेटा लागतच नाही, आणि गवत, पाऊस, धूर, पळती झाडं आली की पुरत नाही. गवताचं प्रत्येक पातं प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतं, त्यामुळे मागच्या फ्रेमवरून पुढची काढणं एन्कोडरला, म्हणजे चित्र दाबून फाइलमध्ये बसवणाऱ्या भागाला, जमत नाही. मग तो तपशील टाकून देतो आणि तुम्हाला चौकोन दिसतात. रेकॉर्डिंगमध्ये बिटरेट बांधू नका, दर्जा बांधा. गरज पडेल तसा बिटरेट आपोआप वर-खाली होईल.

सेटिंग्जमध्ये 'आउटपुट' उघडा आणि सर्वांत वरचा 'आउटपुट मोड' सिंपलवरून ॲडव्हान्स्डवर न्या. मग 'रेकॉर्डिंग' टॅब. इथे व्हिडिओ एन्कोडरपुढे 'यूज स्ट्रीम एन्कोडर' असेल तर आधी ते बदला, नाहीतर इथे काहीही केलं तरी लाइव्हचेच आकडे लागू राहतात. पुष्कळ जण इथेच फसतात. त्या जागी 'एनव्हिडिया एनव्हेंक एच.२६४' निवडा. तुमचा गेम अडखळतो त्यावरून एन्कोडर सध्या 'एक्स२६४' असावा. तो सगळं काम प्रोसेसरवर टाकतो, आणि गेमलाही तोच प्रोसेसर हवा असतो. एनव्हेंक हा ग्राफिक्स चिपमधला वेगळा भाग आहे. गेमचं चित्र काढणारे भाग तो जवळजवळ वापरत नाही.

आता रेट कंट्रोल 'सीक्यूपी', म्हणजे बांधलेला दर्जा, करा आणि आकडा २० ठेवा. इथे आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं, हे उलटं गणित लक्षात असू द्या. १६ च्या खाली गेल्यावर डोळ्यांना फरक दिसत नाही, फाइल मात्र फुगत जाते. २६ च्या वर गवत पुन्हा चिखल होतं. ढोबळ हिशेब असा की आकडा सहाने वाढवला तर फाइल साधारण निम्मी होते. की-फ्रेम म्हणजे मागच्या फ्रेमवर न विसंबता पूर्ण साठवलेली फ्रेम. तिचा इंटरव्हल २ सेकंद ठेवा. तो शून्य असेल, म्हणजे आपोआप, तर की-फ्रेम लांब लांब पडतात आणि एडिटिंग करताना टाइमलाइन पुढे-मागे ओढली की चित्र अडकतं. प्रीसेट पी५, ट्यूनिंग 'हाय क्वालिटी', प्रोफाइल 'हाय', बी-फ्रेम २. 'लुक-अहेड' बंद ठेवा. तो पर्याय ग्राफिक्स कार्डाचे गेमला लागणारे भाग वापरतो आणि १६५० वर त्याची किंमत मोजावी लागते.

जाता जाता: १६५० नाव असलेल्या बहुतेक चिपांमध्ये एन्कोडर आधीच्या पिढीचा आहे, १६५० सुपर आणि १६६० मध्ये नंतरचा. सारख्याच बिटरेटला नव्याचं चित्र थोडं सरस येतं. पण बिटरेट मोकळा सोडल्यावर हा फरक शोधून काढावा लागतो. तेवढ्यासाठी लॅपटॉप बदलायची गरज नाही.

फाइल किती होईल? वेगवान गेममध्ये १०८० ओळी आणि ६० फ्रेमला ४० मेगाबिट धरून चला. म्हणजे सेकंदाला ५ मेगाबाइट, मिनिटाला ३००, तासाला १८ जीबी. ही फाइल एडिटिंगचा कच्चा माल आहे. यूट्यूबवर चढवायची फाइल एडिटरमधून वेगळी निघते. १०८० ओळी, ६० फ्रेमसाठी यूट्यूब १२ मेगाबिट सुचवतं. थोडं जास्त दिलं तर बिघडत नाही, कारण ते लोक फाइल पुन्हा दाबणारच आहेत. रेकॉर्डिंग शक्यतो गेम बसवलेल्या डिस्कवर घेऊ नका. साधी बाहेरची हार्डडिस्कही पुरते, सेकंदाला ५ मेगाबाइट तिला जड नाहीत.

एवढं करूनही अडखळलं तर ओबीएसची 'स्टॅट्स' खिडकी उघडून गेम चालवा. तिथे दोन ओळी बघायच्या. 'एन्कोडिंग लॅग'मुळे सुटलेल्या फ्रेम वाढत असतील तर एन्कोडर दमतोय. प्रीसेट पी५ वरून पी४ किंवा पी३ वर आणा. 'रेंडरिंग लॅग'चा आकडा वाढत असेल तर एन्कोडरचा दोष नाही. गेमनेच कार्ड शंभर टक्के खाल्लंय आणि ओबीएसला चित्र जोडायलाही जागा उरलेली नाही. अशा वेळी प्रीसेट कितीही खाली आणा, उपयोग शून्य. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमवर ६० ची मर्यादा घाला, सावल्यांचा दर्जा एक पायरी उतरवा आणि ओबीएस 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडा, म्हणजे विंडोज त्याला ग्राफिक्स कार्डावर अग्रक्रम देतं. तुमचा गेम मुळातच ४५ फ्रेमवर रखडत असेल तर ६० ने रेकॉर्ड करण्यात अर्थ नाही. काही फ्रेम दोनदा येतात, काही एकदा, आणि चाल लंगडी दिसते. गेमला ३० ची मर्यादा घालून ३० नेच घ्या. आणि ८ जीबीची एकच पट्टी असेल तर पैसे हातात आले की पहिली खरेदी तशीच दुसरी पट्टी.

प्रश्न : पाऊस सुरू झाला, लाइट गेली, पीसी बंद पडला. दोन तासांचं रेकॉर्डिंग एमपी४ मध्ये होतं. फाइल ११ जीबीची दिसते, पण कशातच उघडत नाही. गेलं का सगळं?
– पागनीसपागा

उत्तर : डेटा आहे, त्याची अनुक्रमणिका नाही. साध्या एमपी४ मध्ये कोणती फ्रेम फाइलमध्ये कुठे आहे याची यादी रेकॉर्डिंग थांबवल्यावर, सर्वांत शेवटी लिहिली जाते. ती लिहायच्या आधीच मशीन बंद पडलं. 'अनट्रंक' नावाचं मोफत साधन अशा फाइली सावरू शकतं, पण त्याला त्याच मशीनवर, त्याच सेटिंगने केलेली एक धड फाइल नमुना म्हणून द्यावी लागते. तेव्हा आधी सेटिंग अजिबात न बदलता दोन मिनिटांचं नवं रेकॉर्डिंग करून ठेवा. मूळ फाइलची प्रत काढा आणि प्रयोग प्रतीवर करा.

इथून पुढे रेकॉर्डिंग फॉरमॅट एमकेव्ही ठेवा. त्यात लाइट गेली तरी तिथपर्यंतचं शाबूत राहतं. एडिटरला एमपी४ लागत असेल तर ओबीएसच्या फाइल मेनूत 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज' आहे. त्यात चित्र पुन्हा दाबलं जात नाही, नुसता डबा बदलतो, म्हणून दर्जाला धक्का लागत नाही आणि मोठी फाइलही पटकन होते. ओबीएस ३०.२ पासून 'हायब्रिड एमपी४' हाही पर्याय आला आहे, तोही अर्ध्यावर तुटलेली फाइल वाचवतो. इन्व्हर्टर असेल तरी नुसत्या त्याच्यावर विसंबू नका. वीज जाऊन बॅटरी लागेपर्यंतच्या क्षणात काही पीसी बंद पडतातच.

प्रश्न : घरात कूलर चालू असतो, वर पंखा. यूएसबीचा कंडेन्सर माइक टेबलावर आहे. रेकॉर्डिंगमध्ये सतत घरघर येते. नॉइज गेट लावला तर शब्दच गिळले जातात, आणि गेममध्ये स्फोट झाला की माझा आवाज बुडतो. कूलर बंद करणं शक्य नाही, मे महिना आहे.
– लोकमान्यनगर

उत्तर : इंदूरच्या मे महिन्यात कूलर बंद करा असं सांगायची आमची हिंमत नाही. पण फिल्टरकडे जाण्याआधी माइक हलवा. निम्मं काम तिथेच होतं.

माइक आणि तोंड यांतलं अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज ६ डेसिबलने वाढतो, कूलरचा आहे तेवढाच राहतो. टेबलावरचा माइक ४० सेंटिमीटरवर असेल आणि आर्मवर लावून तो १० सेंटिमीटरवर आणला, तर आवाज आणि घरघर यांच्यात १२ डेसिबलचा जादा फरक पडतो. कुठलाही फिल्टर इतक्या स्वच्छपणे हे करत नाही. मग माइकचा गेन तेवढाच खाली आणा. माइकचा पॅटर्न 'कार्डिऑइड' असेल तर तो मागच्या बाजूने कमी ऐकतो, ती पाठ कूलरकडे करा. मात्र हवेचा झोत थेट माइकवर येऊ देऊ नका. झोताने होणारी गडगड पुढे कशानेच निघत नाही. फोमची टोपी घाला आणि कूलरची झडप थोडी वळवा. पंख्याला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल आणि तो दोनवर असेल तर मोटर भुणभुणते. पंखा पूर्ण वेगाने ठेवून पाहा, भुणभुण बहुधा जाते. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर गूं असा आवाज थांबला तर दोष अर्थिंगचा आहे. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या ॲडॉप्टरमधून लावलेला नाही ना, ते बघा.

आता फिल्टर. ऑडिओ मिक्सरमध्ये माइकच्या ओळीवर उजवं बटण दाबून 'फिल्टर्स' उघडा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण वरून खाली एकामागून एक ते लागू होतात: आधी नॉइज सप्रेशन (सततची घरघर काढतं), मग गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करतो), मग कॉम्प्रेसर (मोठ्या-बारीक आवाजातला फरक कमी करतो), शेवटी लिमिटर (आवाजाला वरची मर्यादा घालतो). कॉम्प्रेसर आधी ठेवला तर तो बारीक आवाज आणि घरघर दोन्ही एकाच पातळीकडे आणतो, मग गेटला दोन्हींत फरक कळत नाही. नॉइज सप्रेशनमध्ये 'आरएनएनॉइज' निवडा. कूलरसारखा एकसुरी आवाज त्याला चांगला ओळखता येतो.

गेट आकडे मोजून लावायचा. गप्प बसा आणि मीटर कुठे थांबतोय ते बघा. समजा उणे ४६ डेसिबल. मग खेळताना बोलता तसं बोला. समजा, उणे १५ ते उणे २०. 'क्लोज थ्रेशोल्ड' शांततेच्या थोडा वर, उणे ४१ वर ठेवा आणि 'ओपन' उणे ३५ वर. मुळात ओबीएस हे आकडे उणे ३२ आणि उणे २६ ठेवतं, हळू बोलणाऱ्याला ते फार वर पडतात. शब्द गिळले जाण्याचं मराठीत आणखी एक कारण आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि तिथे आवाज उतरतो. 'इथून जायचं नाही' यातला 'नाही' गेटने खाल्ला की प्रेक्षकाला ऐकू येतं 'इथून जायचं'. म्हणून 'होल्ड' २०० वरून ३५० मिलिसेकंदांवर न्या आणि 'रिलीज' १५० वरून २५० वर. सप्रेशन पुरेसं होत असेल तर गेट काढूनच टाका. गेमच्या आवाजाखाली उरलीसुरली घरघर लपते.

कॉम्प्रेसरचा मूळ रेशो १० आहे, तो बोलण्याला जाचक होतो. ३ किंवा ४ करा. थ्रेशोल्ड उणे १८, अटॅक ६, रिलीज ६० मिलिसेकंद. बोलताना मीटर पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे उणे २० ते उणे ९ च्या मधे राहील इतका 'आउटपुट गेन' द्या. लिमिटर उणे ३ वर ठेवला की ओरडलात तरी आवाज फाटणार नाही.

स्फोटाखाली आवाज बुडतो त्याला 'डकिंग' वापरा. गेमच्या आवाजावर, म्हणजे 'डेस्कटॉप ऑडिओ'वर, एक कॉम्प्रेसर लावा आणि त्याच्या 'साइडचेन / डकिंग सोर्स'मध्ये माइक निवडा. थ्रेशोल्ड उणे ३०, रेशो ४, रिलीज ४००. तुम्ही बोलायला लागलात की गेम आपोआप खाली जाईल. रिलीज फार कमी ठेवलं तर गेमचा आवाज दोन शब्दांच्या मधे सारखा उसळी मारतो. एरवी गेम बोलण्यापेक्षा १० ते १२ डेसिबल खाली असावा.

रंगपंचमीच्या गेरीच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, दिवशी राजवाड्याजवळ राहणाऱ्यांसाठी मात्र आमच्याकडे फिल्टर नाही.

प्रश्न : ब्लूटूथ इअरबड लावले की गेमचा आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. नुसतं गाणं ऐकलं तर उत्तम. बड खराब आहेत का?
– सुदामानगर

उत्तर : बड ठीक आहेत, माइक चालू झाला म्हणून असं होतं. ब्लूटूथचे दोन रस्ते असतात. गाण्यांच्या रस्त्यावर स्टिरिओ, चांगला आवाज, पण एकाच दिशेने. फोनवर बोलण्याच्या रस्त्यावर दोन्हीकडून, पण मोनो, आणि सॅम्पल रेट ८ किंवा १६ किलोहर्ट्झ. कुठल्याही प्रोग्रामने बडचा माइक मागितला की विंडोज दुसऱ्या रस्त्यावर उतरतं. तो प्रोग्राम ओबीएस असेल, डिस्कॉर्ड असेल किंवा गेमचं स्वतःचं व्हॉइस चॅट. म्हणून तिन्ही ठिकाणी इनपुट बदलून लॅपटॉपचा माइक किंवा वायरचा माइक द्या. एक जरी राहिलं तरी आवाज तसाच राहील.

शंभर-दोनशे रुपयांचा वायरचा इअरफोन या कामाला महागड्या बडपेक्षा सरस. फक्त पीसीच्या पाठीला माइक आणि हेडफोनचे दोन वेगळे सॉकेट असतील तर इअरफोनची एकच पिन त्यात चालत नाही. जेलरोडवर दुकानदाराला 'एका पिनचे दोन करणारा स्प्लिटर' मागा. उलट कामाचाही मिळतो, तो घेऊ नका. ब्लूटूथवर आवाज कानात उशिरा पोहोचतो, तो उशीर रेकॉर्डिंगमध्ये येत नाही, कारण ओबीएस आवाज बडकडे जायच्या आधीच उचलतं.

प्रश्न : आम्ही चौघं डिस्कॉर्डवर बोलत खेळतो. मध्येच कुणाच्या घरी आई हाक मारते, कुणी शिवी देतो. नंतर तेवढंच काढायचं तर गेमचा आवाजही जातो.
– रामबाग

उत्तर : वेगवेगळे ट्रॅक घ्या. ओबीएस एका फाइलमध्ये सहा ट्रॅक देतं. आउटपुटच्या रेकॉर्डिंग टॅबमध्ये 'ऑडिओ ट्रॅक' १ ते ४ वर खुणा करा. मग सोर्सेसमध्ये 'ॲप्लिकेशन ऑडिओ कॅप्चर' दोनदा जोडा, एक गेमसाठी, एक डिस्कॉर्डसाठी. आता सेटिंग्जच्या ऑडिओ पानावर 'डेस्कटॉप ऑडिओ' डिसेबल करायला विसरू नका. ते चालू राहिलं तर प्रत्येक आवाज दोनदा येतो आणि सगळं पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखं वाटतं. हा पर्याय दिसत नसेल तर ओबीएस २८ च्या आधीचं आहे किंवा विंडोज जुनं आहे.

मिक्सरमधून 'ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज' उघडा. तिथे प्रत्येक आवाजापुढे १ ते ६ च्या चौकटी असतात. सगळ्यांना १ द्या, आणि शिवाय माइकला २, गेमला ३, डिस्कॉर्डला ४. ट्रॅक १ हा एकत्र मिसळलेला राहू द्या, कारण साधे प्लेअर सुरुवातीला तेवढाच वाजवतात. 'माझी फाइल मुकी झाली' अशा तक्रारींचं मूळ पुष्कळदा ट्रॅक १ रिकामा असणं हेच असतं. एडिटरमध्ये फाइल टाकली की चार पट्ट्या दिसतील. पहिली काढून टाका, नाहीतर पुन्हा सगळं दुप्पट. मग चौथ्यातून हवं ते कापा. बिटरेट प्रत्येक ट्रॅकला १९२ पुरतो.

मित्रांचा आवाज रेकॉर्ड करताय हे त्यांना आधी सांगा. त्याची सोय ओबीएसमध्ये नाही.

प्रश्न : मोबाइलवर बीजीएमआय रेकॉर्ड करतो. गेमचा आवाज येतो, पण स्क्वाडचं बोलणं येत नाही, आणि व्हॉइस चॅट चालू असलं की माझंही नाही.
– वैशालीनगर

उत्तर : यात सेटिंगची चूक नाही, अँड्रॉइडची रचनाच तशी आहे. गेमचा आतला आवाज इतर ॲपना उचलायची मुभा अँड्रॉइड १० मध्ये, २०१९ साली आली. पण संभाषण म्हणून नोंदवलेला आवाज त्यातून मुद्दाम वगळला आहे, कुणाचे फोन चोरून रेकॉर्ड होऊ नयेत म्हणून. माइकचंही तसंच. संभाषणासाठी माइक एका ॲपकडे असताना दुसऱ्याला बहुधा शांतताच मिळते.

मार्ग असे. पहिला, तुमचा आवाज दुसऱ्या फोनवर वेगळा घ्या, सुरुवातीला माइकजवळ टाळी वाजवून त्याच क्षणी पडद्यावर बोट टेकवा आणि एडिटिंगमध्ये दोन्ही जुळवा. 'शो टचेस' चालू असेल तर तो ठिपका फ्रेमसकट सापडतो. दुसरा, फोन एचडीएमआयवर चित्र देणारा असेल तर कॅप्चर कार्डातून, म्हणजे एचडीएमआयचं चित्र पीसीला देणाऱ्या उपकरणातून, पीसीवर घ्या. 'सगळं रेकॉर्ड होतं' असं सांगून विचित्र परवानग्या मागणारी ॲप टाकू नका.

प्रश्न : फोनवरचं रेकॉर्डिंग एडिटरमध्ये टाकलं की सुरुवातीला आवाज जुळतो, वीस मिनिटांनी मागे पडतो.
– तोच वाचक

उत्तर : फोन फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाही. गरम झाला की ६० चे ४८ होतात, आणि एडिटर मात्र स्थिर धरून चालतो. 'हँडब्रेक'मध्ये फाइल उघडा, व्हिडिओ टॅबमध्ये फ्रेमरेट ६० आणि 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा, दर्जा आरएफ १८, आणि ती नवी फाइल एडिट करा. पीसीवरच्या रेकॉर्डिंगमध्ये असं होत असेल तर मात्र सॅम्पल रेट तपासा. कंट्रोल पॅनलच्या 'साउंड'मध्ये हेडफोन आणि माइक दोघांच्या प्रॉपर्टीजमध्ये, ॲडव्हान्स्ड टॅबवर ४८००० हर्ट्झ, आणि ओबीएसच्या ऑडिओ पानावरही ४८ किलोहर्ट्झ. एक ४४.१ वर आणि दुसरं ४८ वर असलं की आवाज सरकू शकतो, कधी मध्येच टिकटिकतो.

प्रश्न : मुलाच्या पीएस५ साठी एक छोटं कॅप्चर कार्ड आणलं. खोक्यावर '४के' लिहिलंय. आधी पडदा काळा होता. दुकानदाराने काहीतरी केल्यावर चित्र आलं, पण स्लाइड शोसारखं. परत करू का?
– गृहिणी, स्नेहलतागंज

उत्तर : ताई, आधी दोन गोष्टी करून बघा. काळा पडदा पीएस५ च्या नक्कल-संरक्षणामुळे होता. सेटिंग्ज, सिस्टिम, एचडीएमआय, तिथे 'एनेबल एचडीसीपी' बंद केलं की चित्र येतं. सिनेमे दाखवणारी ॲप चालवायची असतील तेव्हा ते पुन्हा चालू करावं लागतं.

स्लाइड शोचं कारण यूएसबी आहे. खोक्यावरचं '४के' हे कार्ड काय आत घेऊ शकतं त्याबद्दल असतं, बाहेर काय देतं त्याबद्दल नव्हे. यूएसबी २.० चा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. न दाबलेलं १०८० ओळींचं चित्र ३० फ्रेमला जवळजवळ १००० मेगाबिट मागतं. म्हणून कार्ड फ्रेम सोडत सोडत पाचावर येतं. ओबीएसमध्ये 'व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस'च्या प्रॉपर्टीजमध्ये 'रिझोल्यूशन / एफपीएस टाइप' कस्टम करा, १९२० बाय १०८० आणि ३० फ्रेम निवडा, आणि 'व्हिडिओ फॉरमॅट' वाययूवाय२ किंवा 'एनी' असेल तिथे 'एमजेपेग', म्हणजे दाबलेलं चित्र, करा. चित्र सुरळीत होईल. ६० फ्रेम हव्या असतील तर अशा कार्डावर ७२० ओळींवर समाधान मानावं लागतं.

मुलाने लॅपटॉपच्या पडद्याकडे बघून खेळू नये, तिथे चित्र उशिरा येतं. कार्डाला टीव्हीकडे जाणारं दुसरं एचडीएमआय तोंड नसेल तर एचडीएमआय स्प्लिटर लागेल. त्याचं बोलणं गेमच्या आधी ऐकू येत असेल तर माइकला 'सिंक ऑफसेट' द्या, म्हणजे त्याचा आवाज तेवढा मागे सरकेल. कंट्रोलरचं बटण माइकजवळ खटकन दाबायचं आणि रेकॉर्डिंगमध्ये त्या खटक्यापासून मेनू हलेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजायचं. ३० फ्रेममध्ये एक फ्रेम ३३ मिलिसेकंद. पाच आल्या तर १६५ ने सुरू करा आणि कानाने पुढे-मागे करा.

३० फ्रेम पुरत असतील तर ठेवा. १०८० ला ६० हव्या असतील तर परत करा आणि यूएसबी ३.० चं कार्ड मागा. तोंडाच्या आतलं प्लास्टिक बऱ्याचदा निळं असतं, पण रंगावर जाऊ नका. दुकानातच लॅपटॉपला लावून ओबीएसमध्ये ६० निवडता येतंय का ते बघून मग पैसे द्या.

थोडक्यात

*डिस्प्ले कॅप्चर लॅपटॉपवर काळं येतं.* – दोन ग्राफिक्स चिपांचा घोळ. गेमसाठी 'गेम कॅप्चर' वापरा आणि विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ओबीएसला 'हाय परफॉर्मन्स' द्या. पूर्ण पडदाच घ्यायचा असेल तर 'पॉवर सेव्हिंग'.

*माझा आवाज फक्त डाव्या कानात येतो.* – ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये माइकपुढे 'मोनो'वर खूण करा.

*एव्ही१ वापरू का?* – व्हिडिओ दाबायची ही नवी पद्धत. आरटीएक्स ४०, रेडिऑन आरएक्स ७००० किंवा त्यांच्या नंतरची मालिका, किंवा इंटेल आर्क असेल तर ते हार्डवेअरवर होतं. कमी जागेत छान चित्र देतं, पण तुमचा एडिटर ते सहज उघडतो का हे आधी एका मिनिटाच्या फाइलवर बघा. एडिटिंगचा लॅपटॉप जुना असेल तर एच.२६४ च बरं.

*रेकॉर्डिंगमध्ये रंग भडक, सावल्यांतला तपशील काळ्यात बुडतो.* – सेटिंग्जच्या ॲडव्हान्स्ड पानावर कलर फॉरमॅट एनव्ही१२, कलर स्पेस रेक. ७०९, कलर रेंज 'लिमिटेड'. 'फुल' चांगलं वाटतं म्हणून लोक ते निवडतात, पण बरेच प्लेअर आणि एडिटर लिमिटेड धरूनच चालतात. जुन्या फाइली फेकू नका, एडिटरमध्ये क्लिपची रेंज 'फुल' सांगितली की रंग जागेवर येतात.